मास इफेक्ट ३ : तीन रंग, एकच चव?



आपल्या अंकांत पुस्तकांची, नाटकांची, कीर्तनांची परीक्षणे येतात. आज मी एका व्हिडिओ गेमचे परीक्षण लिहीत आहे, म्हणून कोणी नाक मुरडू नये. नातवंडे तासन् तास पडद्यासमोर बसतात आणि आपण मागून "डोळे बिघडतील रे" एवढेच म्हणतो. ती तिथे काय पाहतात, काय ठरवतात, कशाने हळहळतात, हे आपण सहसा विचारत नाही. मी विचारले, आणि शेजारी बसून पाहिलेही.

येथे शारजाच्या रोल्ला भागात मी मुलाकडे राहते. कॉलेजात जाणारा नातू बटणे दाबतो, मी पडद्याखालची अक्षरे वाचते, आणि कोणता निर्णय घ्यायचा ते दोघे मिळून ठरवतो. शारजात २०२२ पासून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते. शुक्रवारी दुपारपर्यंत खेळ, शब्बाथचे दिवे लावायच्या आधी यंत्र बंद, आणि रविवारी पुन्हा सुरू, असा आमचा नेम होता. त्या नेमाने "मास इफेक्ट"चे तिन्ही भाग आम्ही पुरे केले.

हा खेळ कॅनडातील एडमंटन शहराच्या बायोवेअर कंपनीने केला. पहिला भाग २००७ साली, दुसरा २०१० साली आणि शेवटचा मार्च २०१२ मध्ये आला. कथा विज्ञानकथेची आहे. माणूस आकाशगंगेत इतर अनेक जातींबरोबर राहू लागला आहे. दर पन्नास हजार वर्षांनी रीपर नावाची प्रचंड यंत्रे येतात आणि प्रगत झालेल्या सर्व जाती कापणीसारख्या कापून नेतात. ती वेळ पुन्हा आली आहे. शेपर्ड नावाचा सेनानी (हवा तर पुरुष, हवी तर स्त्री) सर्वांना एकत्र आणून त्यांना तोंड देतो. शेपर्ड म्हणजे खेळणारा स्वतः. तो काय बोलतो, कोणाला वाचवतो, कोणाला सोडतो, हे आपण ठरवायचे. आणि मुख्य गोष्ट अशी की पहिल्या भागात केलेले दुसऱ्यात आणि दुसऱ्यात केलेले तिसऱ्यात पुढे येते. पहिल्या भागात जो मेला तो मेलाच. ज्याला शब्द दिला, तो पाच वर्षांनी दारात उभा राहतो.

तिसरा भाग आला तेव्हा जगभर मोठा गहजब झाला. शेवट पाहून लोक इतके रागावले की शेवट बदला म्हणून चळवळ उभी राहिली. त्या चळवळीच्या नावाने आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला ऐंशी हजार डॉलरवर देणग्याही जमल्या. काही जणांनी कंपनीला सुमारे चारशे छोटे केक पाठवले. वरची साय लाल, निळी, हिरवी अशी तीन रंगांची, पण आतली चव सगळ्यांची एकच! खेळात शेवटी तीन वाटा दिल्या होत्या आणि तिन्हींचे दृश्य रंग सोडले तर जवळजवळ सारखेच होते, त्यावरची ही कोपरखळी. तेव्हा प्रश्न असा की हा शेवटचा भाग वेळ घालवण्याच्या लायकीचा आहे का?

उत्तरासाठी मला आपल्या कीर्तनाची फूटपट्टी सोयीची वाटते. १८८० च्या सुमारास आपल्या समाजात कीर्तने सुरू झाली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने आपल्या लोकांनी मराठी साकी-दिंडीतून ऐकली. चांगला कीर्तनकार पूर्वरंगात जे सूत्र मांडतो, तेच उत्तररंगात आख्यानातून सिद्ध करून दाखवतो. आवाज थोडा बसला तरी श्रोता क्षमा करतो, पण सूत्र सुटले तर करत नाही. "मास इफेक्ट"चा पूर्वरंग म्हणजे "तुझ्या कर्माचा हिशेब होईल" हे सूत्र. तिसऱ्या भागाने ते किती सांभाळले, एवढेच पाहायचे.

बहुतेक ठिकाणी फार उत्तम सांभाळले आहे. दोन आख्याने सांगते.

पहिले क्रोगन जातीचे. ही लढवय्यी जात आवरेना, म्हणून सालेरियन शास्त्रज्ञांनी एक रोग तयार केला. त्याने क्रोगनांची बाळे जन्माला येण्याआधीच मरू लागली. मॉर्डिन हा सालेरियन डॉक्टर आपल्याला दुसऱ्या भागात भेटतो. क्रोगन त्या रोगाला पुरून उरू लागले तेव्हा त्याला नव्याने जोर आणण्याच्या कामात हा स्वतः होता. तो हुशार आहे, भरभर बोलतो, आणि आपण केले ते हिशेबाने बरोबरच होते असे सारखे सांगत राहतो. तिसऱ्या भागात तोच औषध तयार करतो आणि ते सोडण्यासाठी जळत्या मनोऱ्यात एकटा वर जातो. आपल्याकडे तेशुवाचा अर्थ नुसता पश्चात्ताप नाही. जिथे चूक केली तिथेच परत उभे राहून या वेळी वेगळे वागणे, हा तिचा कस. मॉर्डिनची गोष्ट त्या कसाला उतरते. त्याच वेळी सालेरियन पुढारी शेपर्डला कानात सांगते, औषध गुपचूप निकामी कर, मी तुला मदत देते. आम्ही नाही म्हटले. जो हो म्हणेल त्याला मॉर्डिनवर स्वतः गोळी झाडावी लागते. मोह आणि त्याची किंमत इतकी समोरासमोर मांडलेली मी नाटकातही क्वचितच पाहिली.

दुसरे आख्यान क्वेरियनांचे, आणि ते आपल्या फार जवळचे आहे. क्वेरियनांनी कामासाठी गेथ नावाची यंत्रे बनवली. एके दिवशी एका यंत्राने विचारले की मला आत्मा आहे का? मालक घाबरले आणि यंत्रे मोडायला निघाले. यंत्रांनी उलट त्यांनाच मायभूमीतून हाकलले. तेव्हापासून सुमारे तीनशे वर्षे क्वेरियन जहाजांच्या तांड्यात राहतात. बाहेरची हवा सोसत नाही म्हणून जन्मभर तोंडावर मुखवटा. भेटताना आणि निरोप घेताना ते न पाहिलेल्या मायभूमीचे नाव घेतात. सेदेरच्या रात्री "पुढल्या वर्षी येरुशलाईममध्ये" म्हणत ज्यांच्या पिढ्या कोकणात गेल्या, त्यांना यावर आणखी काय सांगायचे? नावगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज पोचले तेव्हा पोथ्या समुद्रात गेल्या होत्या, शेमा तेवढा तोंडात राहिला होता.

तिसऱ्या भागात क्वेरियन आपल्या रानोख ग्रहावर परत येतात आणि तिथे गेथ आहेत. आता कोण उरणार? नातू म्हणाला, बहुतेकांना एका बाजूचा संहार पाहावा लागतो. गेथांना निवडले तर क्वेरियनांचा तांडा जळतो, आणि तीन भाग आपल्याबरोबर असलेली टाली ही क्वेरियन मुलगी कड्यावरून स्वतःला झोकून देते. दोघांत समेट होऊ शकतो, पण तो फुकट मिळत नाही. दुसऱ्या भागात टालीवर खटला झाला तेव्हा तिची बाजू कशी घेतली, लीजन नावाच्या गेथाला जिवंत ठेवले का, त्या दोघांचे भांडण मिटवले का, तिसऱ्या भागात कोणाला वाचवले, या सगळ्याची बेरीज पुरेशी असेल तरच तो पर्याय उघडतो. आमच्यासाठी उघडला. टालीने मुखवटा काढून पहिल्यांदा आपल्या मातीतला वारा अंगावर घेतला, तेव्हा मी नातवाला पाणी आणायला पाठवले, कारण मला डोळे पुसायचे होते.

परतल्याने सगळे संपत नाही, हेही खेळ सांगतो. क्वेरियनांना तिथली हवा एकदम सोसत नाही, सवय व्हायला काळ लागतो, आणि त्यात गेथच त्यांना मदत करतात. १९४८ नंतर जे दिमोना, बेर शेवा, लोद येथे उतरले, त्यांना मायभूमीची हवा अंगी लागायला किती वर्षे गेली हे त्यांनाच विचारा.

लहान गोष्टींतही हा भाग हिशेब विसरत नाही. नॉर्मंडी या जहाजात गेलेल्या सोबत्यांच्या नावांची एक भिंत आहे. येता-जाता ती दिसते, आणि कोणाचे नाव तिथे लागावे यात आपलाही हात असतो. रोल्ला हे नावसुद्धा असेच आहे. येथे वडाला रोल्ला म्हणतात. ज्या जुन्या वडावरून हे नाव पडले तो १९७८ साली वाळून गेला. त्याच्या जागी स्मारक उभे आहे आणि पत्ता अजून त्याच्याच नावाने सांगतात.

आता दोष. तो शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत आहे, पण लहान नाही. सगळे सैन्य जमवून शेपर्ड शेवटच्या ठिकाणी पोचतो तेव्हा एका लहान मुलाच्या रूपात रीपरांची सूत्रधार बुद्धी प्रकट होते. ही व्यक्ती आधी कधी भेटलेली नाही. ती सांगते, निर्माण करणारे आणि निर्माण केलेली यंत्रे एकत्र नांदूच शकत नाहीत, म्हणून आम्ही कापणी करतो. आता तीनांतले एक निवड : रीपरांचा आणि त्यांच्याबरोबर सर्व विचारी यंत्रांचा नाश कर, किंवा रीपरांवर ताबा मिळव, किंवा जीव आणि यंत्र यांचे मिश्रण कर. लाल, निळा, हिरवा.

अहो, पण रानोखवर ते दोघे नांदायला लागले ना? आमच्या डोळ्यांदेखत लागले! नातू आणि मी दोघेही पडद्यासमोर एकदमच बोललो, "मग गेथांचे काय?" पण शेपर्डला हे म्हणायची सोयच ठेवलेली नाही. रानोखचा दाखला देऊन वाद घालता येत नाही. आपल्या तोरात अब्राहाम सदोमसाठी खुद्द परमेश्वराशी घासाघीस करतो आणि पन्नास नीतिमानांवरून दहांवर आणतो. मोशेही वाद घालतो. आणि ज्या खेळात शंभर तास आपण बोलून-बोलून माणसे जोडली, त्याच खेळात शेवटी तोंडाला कुलूप! लोकांना दुःखाचा शेवट नको होता, असा बचाव मी ऐकला आहे. तो मला पटत नाही. मॉर्डिनचे मरणही दुःखाचेच आहे, त्यावर कोणी रागावले नाही. राग आला तो हिशेबाची वही न उघडताच निकाल वाचून दाखवला म्हणून.

कंपनीने २६ जून २०१२ रोजी वाढवलेला शेवट फुकट दिला. त्यात पुढे कोणाचे काय झाले याची चित्रे आहेत, आणि तिन्ही वाटा नाकारण्याची चौथी वाटही आहे. ती घेतली तर सारे हरतात. मात्र लियारा या विदुषी मैत्रिणीने सर्व जातींची हकीकत नोंदवून ठेवलेली असते, आणि पुढच्या युगातील लोक तिच्या आधारे तरतात. मला ही वाट सर्वांत प्रामाणिक वाटली. नातवाला ती हट्टीपणाची वाटते. त्याने लाल निवडली, आणि रानोखवर आम्हीच जगवलेले गेथ त्यात गेले. त्या रात्री तो फारसे जेवला नाही. वाढवलेल्या शेवटाने चव थोडी सुधारली हे मान्य, पण वाद घालण्याची मुभा त्यानेही दिली नाही.

मग घ्यावा का? माझे मत स्पष्ट आहे : घ्यावा, पण तिसऱ्यापासून सुरू करू नये. पूर्वरंग न ऐकता उत्तररंगाला बसणाऱ्याला फक्त गोळीबार दिसेल. मे २०२१ मध्ये तिन्ही भाग एकत्र, चित्रे सुधारून "लेजेंडरी एडिशन" या नावाने निघाले. तेच घ्यावे. वाढवलेला शेवट त्यात आहेच. २०१३ साली आलेले "सिटाडेल" हे उपकथानकही आहे. त्यात सगळे सोबती शेपर्डच्या घरी जमतात, थट्टामस्करी करतात. शेवटच्या लढाईआधी ते जरूर पाहावे, खरा निरोप तोच आहे. लढाई सोपी करून कथेवर भर देण्याची सोय आहे, म्हणून हात थरथरणाऱ्यांनीही घाबरू नये. अक्षरे मात्र ना मराठीत ना हिब्रूत, इंग्रजी वाचावे लागते. खेळाला १८ वर्षांवरील असा शिक्का आहे आणि तो योग्य आहे. हिंसा आहे, प्रेमप्रसंग आहेत, लहान मुलांसाठी हा नव्हे.

शेवटची पंधरा मिनिटे फसली म्हणून आधीचे तास वाया गेले, असे मी मानत नाही. मॉर्डिन मनोऱ्यात गेला ते खरे, रानोखचा वारा खरा. केकची चव एकच निघाली, पण त्याआधीचे जेवण पोटभर होते, आणि ज्याने ते रांधले त्याला तेवढे श्रेय द्यावेच लागेल.