शिकवणारे यंत्र आणि विसरण्याची किंमत : पोकेमॉन खेळातील ‘टेक्निकल मशीन’चा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

व्हिडिओ खेळांची चर्चा अध्यापक-कक्षात झालीच, तर ती बहुधा विद्यार्थ्यांच्या वाया जाणाऱ्या वेळेविषयी होते. खेळाच्या नियमांत शिक्षणाविषयीची एखादी भूमिका दडलेली असते काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. इयान बोगोस्ट यांनी ‘पर्सुएसिव्ह गेम्स’ (२००७) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, खेळ आपले म्हणणे केवळ चित्रांतून वा संवादांतून मांडत नाही. तो ते नियमांच्या प्रक्रियेतून मांडतो. या दृष्टीने पोकेमॉन या जपानी खेळमालिकेतील ‘टेक्निकल मशीन’ ही वस्तू अध्यापकांनी लक्ष द्यावे अशी आहे. कारण तिचे एकमेव कार्य ‘शिकवणे’ हेच आहे.

गेम फ्रीक या कंपनीने तयार केलेले ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे या मालिकेतील पहिले खेळ फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये निन्टेंडोच्या ‘गेम बॉय’ या छोट्या खेळयंत्रासाठी प्रसिद्ध झाले. खेळाडू काल्पनिक प्राणी पकडतो, त्यांना वाढवतो आणि इतरांच्या प्राण्यांशी झुंजवतो. प्रत्येक प्राण्याला एका वेळी चारच डाव येऊ शकतात. पाचवा डाव शिकायचा, तर आधीच्या चारांपैकी एक सोडावा लागतो. पहिल्या खेळांत टेक्निकल मशीन एकूण पन्नास होती. प्रत्येकात एक डाव साठवलेला, आणि एकदा वापरले की ते यंत्र संपले.

विद्येचे चार मार्ग

मालिकेत प्राणी चार मार्गांनी डाव शिकतात. झुंजी जिंकून अनुभव वाढला की ठरावीक पातळीवर काही डाव आपोआप येतात. १९९९ च्या ‘गोल्ड’ व ‘सिल्व्हर’पासून अंड्यातून जन्मलेल्या पिल्लाला काही डाव वारशाने मिळू लागले. २००० च्या ‘क्रिस्टल’पासून प्रत्यक्ष शिकवणारी व्यक्तीही आली. चौथा मार्ग यंत्राचा. अनुभव, वारसा, गुरू आणि यंत्र अशी ही मांडणी शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकाला अपरिचित वाटणार नाही.

यंत्राचे वेगळेपण असे की, त्यात सराव नाही, चूक नाही आणि कालावधीही नाही. पडद्यावर एक-दोन मोजले जाते, जुना डाव नाहीसा होतो आणि नवा पूर्ण ताकदीने हजर होतो. पाउलो फ्रेरे यांनी ज्या पद्धतीला ‘बँकेत ठेव ठेवण्यासारखे शिक्षण’ म्हटले, तिचे याहून उघड चित्र सापडणे कठीण. ठेव ठेवणारा खेळाडू. ज्याच्यात ठेवायची त्या प्राण्याला कोणीही विचारत नाही.

ही ठेव येते कोठून, हेही पाहण्याजोगे आहे. पहिल्या खेळात काही यंत्रे ‘जिम’च्या प्रमुखाला हरवल्यावर बक्षीस म्हणून मिळतात, काही सेलाडॉन शहरातील मोठ्या दुकानात विकत मिळतात, तर काही त्याच शहरातील जुगाराच्या अड्ड्यावर नाण्यांच्या बदल्यात मिळतात. पराक्रम, पैसा आणि नशीब या तिन्ही वाटांनी विद्या हाती येते आणि एकदा हाती आल्यावर तिच्यात काहीही फरक उरत नाही. यावर टीका करायची तर ती येथे करावी लागेल : विद्या कशी मिळवली याचा विद्येवर काही परिणाम होतो, हे या खेळाला मान्यच नाही.

‘येईल’ आणि ‘येणार नाही’

यंत्र कोणाला वापरता येईल, हे एका कोष्टकाने ठरते. पहिल्या खेळात यंत्र उघडताच प्रत्येक प्राण्याच्या नावापुढे तो ‘सक्षम’ आहे की नाही, एवढाच शेरा उमटतो. म्यू हा दुर्मिळ प्राणी सर्व यंत्रांसाठी सक्षम. मॅजिकार्प हा दुबळा मासा एकाही यंत्रासाठी नाही. मात्र तोच मासा विसाव्या पातळीवर गॅराडोस या प्रचंड प्राण्यात रूपांतरित होतो आणि मग अनेक यंत्रे त्याला चालतात. ज्या अध्यापकाने पहिल्या वर्षी ‘याला काही जमणार नाही’ असा शेरा मारून तिसऱ्या वर्षी तो मागे घेतला असेल, त्याला या उदाहरणाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

हे कोष्टक निसर्गनियम असल्याचा आव आणते. प्रत्यक्षात ते माणसांनी केलेले आहे. चारिझार्ड या प्राण्याला चित्रात मोठे पंख आहेत, तरी पहिल्या खेळात त्याला उडण्याचा डाव शिकवता येत नव्हता. १९९८ च्या ‘यलो’मध्ये ही दुरुस्ती झाली. पिकाचूचेही तसेच. १९९७ मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत ‘थंडरबोल्ट’ हा विजेचा डाव त्याची ओळख बनला. परंतु मूळ खेळात तो त्याला केवळ यंत्रानेच शिकता येत होता. ‘यलो’मध्ये तोच डाव त्याला अनुभवाने, आपोआप येऊ लागला. कालपर्यंत जे बाहेरून दिलेले कौशल्य होते, ते आज जन्मजात ठरले. पात्रता ही नेहमीच विद्यार्थ्यात नसते, ती पुष्कळदा यादी करणाऱ्याच्या हातात असते, हे या दोन दुरुस्त्यांवरून दिसते.

हिदेन : न विसरता येणारी विद्या

पहिल्या खेळात आणखी पाच यंत्रे होती. इंग्रजीत त्यांना ‘हिडन मशीन’ म्हणतात. मूळ जपानी नावातील ‘हिदेन’ या शब्दाचा अर्थ गुरूने निवडक शिष्यालाच द्यावयाची गुप्त विद्या. नाव असे भारदस्त. काम मात्र झुडूप कापणे, पाण्यावरून नेणे, अंधाऱ्या गुहेत उजेड पाडणे असे. ही यंत्रे कितीही वेळा वापरता येत. पण त्यांनी शिकवलेला डाव पहिल्या खेळात कधीच पुसता येत नसे. १९९९ च्या खेळात डाव विसरायला लावणारी एक व्यक्ती आली. पण तिची वस्ती ब्लॅकथॉर्न या शहरात, म्हणजे प्रवासाच्या बऱ्याच पुढच्या टप्प्यावर.

परिणामी खेळाडूंमध्ये एक रीत रुजली. संघातील एखाद्या प्राण्यावर असे सारे डाव लादायचे, त्याला झुंजीत उतरवायचे नाही, केवळ वाट मोकळी करण्यासाठी बरोबर न्यायचे. गुप्तविद्येचा धनी अशा रीतीने हमाल झाला. हा हेतुपुरस्सर केलेला उपरोध नव्हे. नियमांनी आपसूक काढलेला निष्कर्ष आहे आणि म्हणूनच तो अधिक बोचतो. ज्याला केवळ उपयोगापुरते शिकवले, त्याचा केवळ उपयोगच होतो. २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’मध्ये ही व्यवस्था रद्द झाली व ते काम स्वारीच्या वेगळ्या प्राण्यांकडे गेले.

नियम बदलले, अर्थ बदलला

२०१० च्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’मध्ये मोठा बदल झाला : टेक्निकल मशीन न संपणारे झाले. त्याआधी ‘थंडरबोल्ट’सारखे यंत्र पहिल्या खेळात एकदाच मिळे. ते कोणाला द्यावे, हा खरा पेच असे. चुकल्यास दुरुस्ती नव्हती. या टंचाईने विचार करायला भाग पाडले, हे खरे. पण तिने कंजूषपणाही शिकवला. उद्या याहून लायक प्राणी मिळेल या आशेने अनेकांनी चांगली यंत्रे शेवटपर्यंत पिशवीतच ठेवली. न दिलेली विद्या कोणाच्याच कामी येत नाही. म्हणून २०१० चा बदल योग्यच म्हणावा लागतो. प्रयोगाला मोकळीक मिळाली आणि चारच जागांची अट कायम असल्याने निवडीचे वजनही टिकले.

त्यानंतरची वाटचाल मात्र सरळ नाही. २०१९ च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये न संपणाऱ्या यंत्रांसोबत एकदाच वापरता येणारी शंभर ‘टेक्निकल रेकॉर्ड’ आली. २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’मध्ये यंत्र पुन्हा एकदाच वापरायचे झाले, मात्र प्राण्यांना झुंजीत हरवून मिळणारे साहित्य आणि ठरावीक गुण मोजले की ते हवे तेवढ्या वेळा बनवता येते. शिवाय एकदा शिकलेला डाव सोडला, तरी तो केव्हाही मोफत परत आठवता येतो.

वरवर पाहता हा जुन्या शिस्तीकडे परतण्याचा मार्ग वाटतो; वस्तुतः तो उलट दिशेचा आहे. पूर्वी किंमत प्राणी मोजत असे : एक डाव कायमचा गमावून. आता ती खेळाडू मोजतो : साहित्य गोळा करण्याच्या श्रमांतून. चार जागा आजही आहेत, पण त्या आता स्मरणशक्तीच्या उरल्या नाहीत. त्या त्या दिवसाच्या दप्तराच्या झाल्या आहेत. घरी सर्व पुस्तके आहेत, आज कोणती चार न्यायची एवढाच प्रश्न.

निष्कर्ष

सोय वाढली, अन्याय कमी झाला, हे नाकारता येत नाही. चारिझार्डला उडता आले, हमालीतून प्राणी सुटले, चुकलेली निवड दुरुस्त करता येऊ लागली. तथापि जुन्या नियमांत एक कठोर सत्य होते, ते या सुधारणांत हरवले. नवे शिकवताना जुन्यातले काहीतरी बाजूला पडते आणि ते काय असावे, याची जबाबदारी शिकवणाऱ्यावर असते, हे पहिल्या खेळातील मूल दहा-बारा वर्षांच्या वयात प्रत्येक वेळी अनुभवत होते.

अभ्यासक्रमात नवा घटक येतो तेव्हा कोणता जुना गळाला, याची चर्चा क्वचित होते. घोकंपट्टीच्या जागी यंत्र आले, हस्ताक्षराच्या जागी टंकलेखन आले; मिळाले ते मोजले गेले, गेले ते मोजले गेले नाही. पोकेमॉनच्या पडद्यावर मात्र ‘कोणता डाव विसरायचा?’ हा प्रश्न आधी येतो आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय नवा डाव मिळत नाही. शिकणे एका क्षणात घडते, असे मानणारा हा खेळ शिक्षणाविषयी बरेच चुकीचे सांगतो. पण हा एक प्रश्न तो योग्य व्यक्तीला, म्हणजे शिकवणाऱ्याला विचारतो, हे त्याच्या पदरी टाकलेच पाहिजे.