उत्साह आणि आडनाव

आमच्या महाविद्यालयात संध्याकाळच्या वर्गाला येणारा एक विद्यार्थी दिवसा विम्याची एजन्सी करतो. गेल्या महिन्यात तो एक पुस्तक घेऊन आला. म्हणाला, "सर, प्रशिक्षणात हे वाचायला सांगितलंय. यातलं सगळं मी करतो. तरी पॉलिसी होत नाही. माझं काय चुकतंय?"

पुस्तक फ्रँक बेटगर या अमेरिकन विमा विक्रेत्याचे. विक्रीच्या धंद्यात अपयशातून यशाकडे आपण स्वतःला कसे वर काढले, असे त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाचे मराठी करता येईल. १९४०च्या दशकाच्या अखेरीस ते निघाले. लोकांना आपलेसे कसे करावे हे जगाला शिकवणारे डेल कार्नेगी यांनीच त्याची भलावण केली आहे. असल्या पुस्तकांना आपल्या समीक्षेने कधी हात लावला नाही. कविता आणि आत्मकथने यांवर आपण परिसंवादांमागून परिसंवाद घेतले; पण आपली पोरे रात्री बल्बखाली काय वाचतात, याची चौकशी केली नाही. या पोराने ती करायला भाग पाडले.

पुस्तकाचा आरंभ वाचताना आपला वाचक चमकल्याशिवाय राहणार नाही. बाप लहानपणीच गेलेला. विमा नाही, पैसा नाही, मागे पाच पोरे. आई लोकांचे कपडे धुते, शिवणकाम करते. पाचांपैकी तीन भावंडे साथीच्या रोगांनी जातात. अकराव्या वर्षी हा पोरगा रस्त्याच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्रे विकतो आणि सहावीनंतर शाळा सोडतो. 'बलुतं'च्या वाचकाला हे जग परके वाटू नये. पण बेटगर इथे थांबत नाही. काही ओळींत तो हे सारे ओलांडून जातो. दारिद्र्य म्हणजे उडी मारण्यापूर्वीचा पाट, एवढेच त्याचे स्थान. आपल्या आत्मकथनांत भुकेला कारण असते आणि त्या कारणाला गावाचे, जातीचे नाव असते. बेटगरच्या भुकेला गुन्हेगारच नाही. तीन लेकरे मेली याचा बोध एवढाच, की बापाने विमा उतरवायला हवा होता! दुःखाचा माल कसा करावा, हे यातून शिकायला मिळते खरे.

मग येतो पुस्तकाचा गाभा, उत्साह. १९०७ साली बेसबॉलच्या एका संघाने बेटगरला आळशी म्हणून काढून टाकले. महिना १७५ डॉलरचा पगार २५ डॉलरवर आला. पुढे न्यू हेवनच्या संघात त्याने ठरवले, की अंगात वारे संचारल्यासारखे खेळायचे. दहा दिवसांत पगार १८५ डॉलर झाला. हात मोडून खेळ सुटल्यावर तोच नाटकी उत्साह त्याने विमा विकताना वापरला आणि तिथेही तो जिंकला. उत्साहाचे सोंग करा म्हणजे उत्साह येतो, हा त्याचा सिद्धान्त.

बेटगर खोटे बोलतो असे मला म्हणायचे नाही. तो काय सांगत नाही, ते पाहिले पाहिजे. १९०७ साली अमेरिकेच्या संघटित बेसबॉलचे दार काळ्या माणसाला बंद होते. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा काळा खेळाडू १८८४ साली वरच्या लीगमध्ये खेळला होता; त्यानंतर ते दार उघडायला जॅकी रॉबिन्सनला १९४७ उजाडावे लागले. मधल्या साठ-बासष्ट वर्षांतल्या काळ्या खेळाडूंच्या अंगात उत्साह नव्हता काय?

विम्याचेही तेच. प्रुडेन्शियल कंपनीने १८८१ साली ठरवले, की काळ्या माणसाने हप्ता गोऱ्याइतकाच भरायचा, पण मरणानंतर रक्कम एक तृतीयांश कमी मिळायची. १८९६ साली त्याच कंपनीच्या फ्रेडरिक हॉफमनने आकडेवारीचा जाडजूड ग्रंथ लिहून काळा वंशच विम्याला नालायक ठरवला. दारिद्र्याने आणि रोगाने मेलेल्यांची गणती रक्तदोषाच्या खात्यात घातली. हा ग्रंथ आपल्या स्मृतिकारांनी वाचला असता तर पाठ थोपटली असती. याला काळ्यांनी उत्तर दिले ते स्वतःच्या कंपन्या काढून. १८९८ साली डरॅममध्ये नॉर्थ कॅरोलिना म्युच्युअल उभी राहिली, १९०५ साली अटलांटा लाइफ. पहिलीच्या संस्थापकांतले जॉन मेरिक आणि दुसरीचे अलॉन्झो हर्नडन हे दोघेही गुलामगिरीत जन्मलेले, दोघेही न्हावी. गोऱ्यांच्या दाढ्या करून साठवलेला पैसा त्यांनी आपल्या लोकांच्या मरणाची किंमत पुरी मिळावी म्हणून लावला. उत्साह त्यांच्याकडेही असणारच. पण त्यांच्या पाठीशी चर्च होते, मयतीची वर्गणी गोळा करणारी मंडळे होती, घरोघरची आणेवारी होती. यशाचे हे पुस्तक आमच्या पोराच्या हाती कुणी दिले नाही.

दूर कशाला जायचे? बडोद्याची नोकरी अपमान सोसून सोडल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस! सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले. १९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. बेटगरच्या कुठल्या प्रकरणात या पेढीचे अपयश बसवायचे?

आता दुसरी बाजूही पाहू. आपल्या काही कार्यकर्त्यांना विक्री, धंदा, पैसा हे शब्दच बाटलेले वाटतात. आत्मसुधारणा म्हटले की भांडवली कावा, असे म्हणून ते मोकळे होतात. हे मला मान्य नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी राहणी, पोशाख, मेलेल्या जनावराचे मांस यांविषयी जे सांगितले, ती आत्मसुधारणाच होती आणि तिचा सूर बेटगरपेक्षा कितीतरी कडक होता. फरक आहे तो सुधारणा कुणासाठी, यात. बेटगरचे हसू समोरच्या गिऱ्हाइकासाठी आहे. महाडला नीटनेटके लुगडे नेसणारी बाई कुणाला खूष करायला नेसली नव्हती.

आणि पुस्तकात एक खरोखर कामाची गोष्ट आहे. ती मात्र उत्साहाची नव्हे, हिशेबाची. बेटगरने आपल्या भेटींची वही ठेवली. तिच्यातून त्याला दिसले, की त्याच्या विक्रीपैकी ७० टक्के पहिल्या भेटीत होते, २३ टक्के दुसऱ्या भेटीत आणि फक्त ७ टक्के त्यापुढे. पण निम्मा वेळ त्या ७ टक्क्यांमागे जात होता. त्याने तिसरी भेटच बंद केली. इथे तो स्वतःला दोष देत बसला नाही, वस्तुस्थिती लिहून काढली. सबंध पुस्तकात ज्याला मी विचार म्हणेन, असे हे एकच पान.

पोराला मी पुस्तक परत दिले आणि एवढेच सांगितले, की वही ठेव, पण एक रकाना वाढव. आडनाव कधी विचारले, ते लिही.

परवा तो वही घेऊन आला. पेन्सिलीने आखलेले रकाने, स्वच्छ अक्षर. बोलणे नीट चाललेले, हप्त्याचा आकडा काढून झालेला, चहासुद्धा आलेला. मग नव्या रकान्यात खूण, आणि त्यापुढे "कळवतो". अशी नोंद एका पानावर इतक्यांदा होती, की त्याने नंतर शब्द लिहिणे सोडून नुसता 'क' लिहिला होता. "सर," तो म्हणाला, "यातल्या कुणाकडे दुसऱ्यांदा जाऊ?" आम्ही दोघे वही उघडून बसलो.