तीस दिवसांची अळणी भाजी

‘श्यामची आई’बद्दल डोळ्यांतल्या पाण्यापलीकडचं काही बोलायचं असेल, तर आधी त्याची रचना बघावी लागते. बेचाळीस रात्री आहेत. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना होते, मित्र जमतात, श्याम आईची एक आठवण सांगतो, रात्र संपते. उद्या पुढची. म्हणजे एक माणूस, ठरलेली वेळ, ठरलेले श्रोते आणि रोज एक मजकूर. आज कुणी हे करायला घेतलं, तर आपण त्याला चॅलेंज म्हणू, ग्रुप काढू आणि पहिल्या दिवशी आकडा टाकू : १/४२.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही चौघांनी जवळपास हेच केलं, म्हणून हे पुस्तक पुन्हा हातात घेतलं. चौघंही ठाकूरद्वारच्या आसपास वाढलेले. एक मित्र आता डोंबिवलीला असतो, एक पुण्याला, मी उपनगरात. एक मैत्रीण मात्र अजून तिथेच आहे. ठाकूरद्वार नाक्यापासून चार मिनिटांवरच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, आजीसोबत. नियम तीन होते. रोज रात्री बाराच्या आत किमान तीनशे शब्द. विषय गिरगाव. आणि दुसऱ्यांच्या लेखाखाली रोज काहीतरी चांगलं लिहायचं. महिन्याचे एकशे वीस लेख व्हायला हवे होते, सात कमी पडले. आता ते सगळे एका बैठकीत वाचतो आहे, आणि वाचताना मित्रांना सूट द्यायची नाही असं ठरवलं आहे. त्यात माझेही लेख आहेत, त्यांनाही नाही.

महिनाभर रोज लिहिण्याची ही कल्पना आपल्याकडे आली ती अमेरिकेतून. १९९९च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात क्रिस बेटी आणि त्याची मित्रमंडळी अशा एकवीस जणांनी एका महिन्यात कादंबरी लिहायचं ठरवलं. पुढच्या वर्षापासून महिना नोव्हेंबर झाला आणि नॅनोरायमो या नावाने ते जगभर पसरलं. पन्नास हजार शब्द भरले की तुम्ही जिंकलात. कादंबरी बरी की वाईट, हा प्रश्नच नाही. मुळात ही मित्रांची गंमत होती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. संस्था, नियम, वाद हे सगळं नंतर आलं, आणि २०२५ साली ती संस्था बंद होत असल्याचं जाहीरही झालं. गंमत उरली आहे.

आपल्याकडे याच्या जवळचा शब्द आहे ‘नेम’. चातुर्मासात कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी रोज एक अध्याय वाचतं. नेमात कुणी जिंकत नाही. नेमाचं उद्यापन होतं आणि त्या दिवशी चार माणसं जेवायला येतात. चॅलेंजमध्ये मोजणी असते, नेमात साक्षीदार असतात. आम्ही नाव चॅलेंज असं दिलं होतं, पण वागणं नेमासारखं होतं, आणि पुढचा सगळा घोळ या साक्षीदारांचाच आहे.

आधी लेखांबद्दल. पहिला आठवडा स्मरणरंजनात गेला. पाडव्याची शोभायात्रा चौघांनीही लिहिली. केशवजी नाईक चाळीचा १८९३ पासूनचा गणपती तिघांनी. ट्रामवर दोन लेख आले. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. तेव्हा आमच्यापैकी कुणाचा जन्म सोडा, आईवडिलांचं लग्नही झालेलं नव्हतं. तरी ट्रामची घंटा लेखात अशी वाजते जणू कालच ऐकली. खरं तर ही आठवण आमची नाहीच. ती गिरगावबद्दलच्या जुन्या लेखांतून, दिवाळी अंकांतून आणि सकाळी फिरणाऱ्या फॉरवर्डमधून आलेली उसनी आठवण आहे. रोजचा मजकूर द्यायचा म्हटलं की माणूस आधी हाताशी तयार असलेलं उचलतो, आणि गिरगावबद्दल हाताशी तयार असलेलं इतकं आहे की सात दिवस आरामात निघतात.

साधारण दहाव्या दिवशी कोठार रिकामं होतं. मग येतात ‘आज काय लिहू’ या विषयावरचे लेख. आमच्याकडे असे नऊ आहेत. त्यांच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

या सगळ्यात मैत्रिणीचे लेख वेगळे आहेत. तिने चौथ्या दिवसापासून एकच जागा धरली : तिच्या खोलीबाहेरची गॅलरी. पाणी किती वाजता येतं, कुणाचं पिंप आधी लागतं. कठड्यावर कुणाच्या चादरी. अकराव्या दिवशी समोरच्या बंद खोलीचं कुलूप. ते कुलूप किती वर्षांत कुणी बदललं, एवढंच. पुण्याच्या मित्राने गमतीत लिहिलं होतं की हिच्याकडे विषय संपले. मला उलट वाटतं. ठरावीक अंतराने लिहायच्या मजकुराला नवे विषय लागतातच असं नाही, हट्टी विषय लागतो. लोकहितवादींनी १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ या मुंबईच्या साप्ताहिकात पत्रं लिहिली. आपण त्यांना शतपत्रं म्हणतो, प्रत्यक्षात ती १०८ आहेत. सलग वाचली तर कंटाळा येतो इतकी तीच तक्रार फिरून फिरून येते : विद्या नाही, उद्योग नाही, जुनं कवटाळून बसणं आहे. पण आठवड्याला एक वाचणाऱ्याला ते पुन्हा पुन्हा सांगणं वाटलं नसेल. त्याला ते दार ठोठावणं वाटलं असेल.

याच कारणासाठी ‘श्यामची आई’ची रचना मला महत्त्वाची वाटते. पुस्तकाचा मोठा भाग साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिला, ९ फेब्रुवारी १९३३ च्या गुरुवारी सुरू करून १३ तारखेच्या सोमवारी पहाटेपर्यंत. पाच दिवस! म्हणजे रात्रीमागून रात्र हे लिहिण्याचं वेळापत्रक नव्हतंच. लिहिणारा सुसाट सुटला होता. रात्री वाचणाऱ्यासाठी आहेत. मधे झोपायला, विसरायला, उद्याची वाट बघायला जागा ठेवली आहे. आदल्या वर्षी, १९३२ साली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत होते आणि ते लिहून घेत होते साने गुरुजी. अठरा रविवार. हप्त्यांनी सांगणं म्हणजे काय हे त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून आधी ऐकलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

आमचं बरोबर उलटं झालं. लिहिलं रोज, पण वाचलं ढिगाने. रात्री अकरा पन्नासला आपला लेख टाकायचा, मग राहिलेले तीन लेख अंगठ्याने सरकवत बघायचे आणि प्रत्येकाखाली हृदय. ‘रोज’ हे वाचणाऱ्यापर्यंत पोचलंच नाही.

‘श्यामची आई’ची मोठी अडचण मात्र याच रचनेतून येते. प्रत्येक रात्री काहीतरी हाती द्यायचं असतं. त्यामुळे बऱ्याच रात्री एकाच साच्यातून निघतात : श्यामचं काही चुकतं, आई बोलते किंवा बोलत नाही, डोळे भरतात, श्रोते गप्प होतात. श्रोते फारच गुणी आहेत. ‘कालची गोष्ट जरा पातळ झाली’ असं त्यांतलं कुणी म्हणत नाही. पण याच पुस्तकात एक रात्र अशी आहे की ती या श्रोत्यांवरच टीका वाटावी. ‘अळणी भाजी’.

गोष्ट माहीत असेल. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवतात, काही बोलत नाहीत, उलट भाजी छान झाली म्हणतात. ते बोलले नाहीत म्हणून मुलंही बोलत नाहीत. आई शेवटी जेवायला बसते, पहिल्याच घासाला तिला कळतं आणि तिला वाईट वाटतं : मला कुणी सांगितलं का नाही? शाळेत ही गोष्ट वडिलांच्या संयमाची म्हणून शिकवतात. रांधणारीने कष्ट केलेत, तिला नावं ठेवू नयेत. तो अर्थ आहेच. पण आईची हळहळ वाचा. घरच्यांना मी अळणी खाऊ घातलं आणि मला ते कळू दिलं नाही, हे तिला लागलं आहे. साने गुरुजी दोघांचाही मोठेपणा मान्य करतात. मला विचाराल तर गोष्ट आईच्या बाजूची आहे. रांधणाऱ्याला चव कळण्याचा हक्क असतो, आणि गप्प बसून जेवणारा प्रेमाने का होईना, तो हक्क काढून घेतो.

आमचा तिसरा नियम म्हणजे रोजची अळणी भाजी होती.

सोळाव्या दिवशी मैत्रिणीने चाळीतल्या मीटिंगबद्दल लिहिलं. पुनर्विकासाची बोलणी बरीच वर्षं चालू होती, आता संमतीपत्रांवर सह्या घ्यायला सुरुवात झाली होती. मेट्रो तीनच्या कामासाठी गिरगाव-काळबादेवीतल्या इमारती पाडताना सगळ्यांनी पाहिल्या होत्या, त्यामुळे ‘आपलं काय’ हा प्रश्न गच्चीवर नेहमी हजरच असतो. तिने छान टिपलं होतं : बिल्डरचा माणूस एकटा खुर्चीवर, बाकीचे उभे, कारण इतक्या जणांना खुर्च्या आणणार कोण. पण लेखाचा शेवट असा होता की आजीला खोली सोडवत नाही, आणि मग कठड्यावर उतरणारं ऊन. ते ऊन खोटं होतं असं नाही. त्या दिवशी ते पडलंही असेल. पण लेख जिथे अडायला हवा होता तिथे ते उन्हावरून घसरून पुढे गेला. खाली प्रतिक्रिया : ‘अप्रतिम’, ‘डोळे पाणावले’, तीन हृदयं.

एकविसाव्या दिवशी आजीवर आणखी एक लेख आला, आणि डोंबिवलीच्या मित्राने नियम मोडला. त्याने चांगलं काही लिहिलं नाही, एक प्रश्न लिहिला : भाडेपावती कुणाच्या नावावर आहे?

बाविसाव्या दिवशी तिचा लेख आला नाही. न आलेल्या सात लेखांतला हा एक. तेविसाव्या दिवशी आलेला लेख हा सगळ्या महिन्यातला माझ्या मते सर्वांत चांगला लेख आहे. पावती आजोबांच्या नावावर आहे. आजोबांना जाऊन वीस वर्षं होऊन गेली. दर महिन्याला आजी भाडं देते आणि दर महिन्याला पावती मेलेल्या माणसाच्या नावाने फाटते. पावतीचं पुस्तक, त्यावरचा शिक्का, घरमालकाच्या माणसाची शाई संपलेली पेनं, नाव बदलायला आजी दोनदा गेली तेव्हा काय उत्तर मिळालं. उन्हाचा पत्ता नाही. आजीला खोली सोडवत नाही हे वाक्यही नाही, आणि तरी सोळाव्या दिवशी जे कळलं नव्हतं ते इथे कळतं : सोडवत नाही हा मनाचा प्रश्न नाहीच, सोडल्यावर परत येण्याचा कागद आजीच्या नावाचा नाही.

एका प्रश्नाने लेखक इतका बदलू शकतो. ही गोष्ट गिरगावला नवी नाही. खटाववाडीत मौजेच्या कार्यालयात बसून श्री. पु. भागवत हेच करत असत. ‘सत्यकथा’साठी आलेल्या कथा शंकांसह परत जायच्या, पुन्हा लिहून यायच्या, पुन्हा जायच्या. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद झालं आणि त्यानंतर ‘आता असे संपादक नाहीत’ हा सुस्कारा मराठीत कायमचा झाला. मी त्या सुस्काऱ्यात सामील नाही. मीठ किती, हे एकाच माणसाच्या जिभेवर ठरू लागलं की सगळ्या भाज्या एकाच चवीच्या होतात, अशी त्या काळच्या तरुणांचीही तक्रार होती. त्यांनी स्वतःची मासिकं काढली आणि त्यांना नाव दिलं अनियतकालिकं. वेळेवर न निघणं हीच ओळख! रोज बाराच्या आत लेख टाकणाऱ्या आम्हाला त्या शब्दाने थोडं लाजवायला हवं.

पण डोंबिवलीचा मित्र श्री.पु. नाही. तो बँकेत कर्जाचे कागद तपासतो, आणि तो प्रश्न त्याने साहित्यिक जाणिवेतून विचारला नव्हता. त्याला खरंच काळजी वाटली होती. मला यात चॅलेंजची एकमेव खरी शक्यता दिसते. संपादक लेख वाचतो. मित्र लेखाच्या मागची खोलीही ओळखतो, तिथे जेवलेला असतो. म्हणून मित्राला तो प्रश्न सुचू शकतो जो संपादकाला सुचणार नाही, आणि तोच मित्र तो प्रश्न गिळून हृदय टाकण्याची शक्यताही सर्वांत जास्त. तीस दिवसांत तीनशेवर प्रतिक्रिया झाल्या असतील. प्रश्नचिन्ह असलेल्या मला अकरा सापडल्या; त्यांतल्या चार ‘भेटायचं कधी?’ अशा आहेत.

उद्यापन आम्ही फणसवाडीत विनय हेल्थ होममध्ये मिसळ खाऊन केलं. पुढच्या वर्षी पुन्हा करायचं का, यावर दोघं हो म्हणाले. पुण्याच्या मित्राला लेखांचं पुस्तक काढायचं आहे. मी त्याला सांगितलं की एकशे तेरामधले नऊ ठेव, आणि त्यांतले सात तिचे आहेत. तो अजून रागावलेला आहे.

डिसेंबरच्या चार तारखेला, चॅलेंज संपल्यावर, मैत्रिणीने एकतिसावा लेख टाकला. दीडशे शब्द, नियमाच्या निम्मे. पावती आजीच्या नावावर करायला कुठले कागद मागितलेत, त्यांतले कुठले घरात आहेत, आणि कुठले माळ्यावरच्या ट्रंकेत सापडले नाहीत, एवढंच. खाली डोंबिवलीकराने विचारलं आहे : आजोबांच्या मृत्यूचा दाखला? तिचं उत्तर आहे : शोधतेय.