‘ताण’ ही संज्ञा आणि पर्कविषयक एक शोधनिबंध

२०१३ साली ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात ताओ मा, एरिक क्लान व त्यांचे सहकारी यांचा अल्झायमर रोगासंबंधीचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पर्क नामक एंझाइम हा त्याचा एक प्रमुख विषय. त्यातील निष्कर्षांइतकीच त्याची शब्दयोजनाही विचारार्ह आहे. कारण हा विषय मराठीत उतरताना घोटाळा होतो तो प्रामुख्याने शब्दांचाच.

पर्क हे ताणाला प्रतिसाद देणारे एंझाइम होय. परंतु हा ताण कोणता? मराठीत ‘ताण’ म्हणताच पूर्वी दोरीची ओढ आठवे, आज मनाची ओढाताण आठवते. येथे दोन्ही अभिप्रेत नाहीत. पेशीतील ज्या जालिकेत नव्या प्रथिनांना योग्य घडी पडते, तेथे बिघडलेल्या घडीची प्रथिने साचली की पर्क कार्यान्वित होते. ते प्रथिननिर्मितीच्या एका आरंभक घटकाला फॉस्फेट जोडते आणि एकंदर निर्मिती मंदावते. (या निर्मितीला इंग्रजीत भाषांतराचाच शब्द योजतात. भाषांतर अडले म्हणून स्मृती अडली, ही कल्पना भाषेच्या अभ्यासकास मोह घालील. पण एटीएफ४ सारख्या काही प्रथिनांची निर्मिती याच अवस्थेत वाढते, हे ध्यानी घेता तो मोह आवरलेला बरा.) तेव्हा ‘चिंतेने अल्झायमर जडतो’ असे विधान या निबंधाच्या आधारे करता येत नाही. ते केले म्हणजे आधीच खचलेल्या घरच्या माणसांवर, आपणच आईला त्रास दिला, असा नसता दोष येतो.

निबंधाचे शीर्षक विशेष पाहण्याजोगे आहे. मृत रुग्णांच्या मेंदूत फॉस्फेटयुक्त आरंभक घटक अधिक आढळला हे खरे. पण पर्कचे जनुक काढून टाकल्यावर स्मृतीतील उणिवा सौम्य झाल्या, त्या जनुकबदल केलेल्या उंदरांत. शीर्षकात रोग आहे, उंदीर नाही. हा दोषच म्हटला पाहिजे. मात्र उणिवांना ‘रोगाशी निगडित’ असे विशेषण तेथे लावले आहे, आणि लेखकांचा सारा प्रामाणिकपणा त्या एका विशेषणात आहे. मराठी सारांशात प्रथम गळण्याचा धोका त्यालाच. मग ‘उणिवा सौम्य होतात’ याचे ‘रोग बरा होतो’ होण्यास वेळ लागत नाही.

पर्कला वाक्याचा कर्ता करून खलनायक ठरविणेही तितकेच घाईचे. त्याच वर्षी प्रायॉन रोगाच्या उंदरांवर पर्करोधक औषध वापरले गेले. मेंदूचे रक्षण झाले, पण वजन घटले आणि रक्तशर्करा वाढली. स्वादुपिंडाला पर्क हवे असते. २०१७ साली तर टाऊ प्रथिनाच्या विकृतीने ग्रस्त उंदरांत पर्क उत्तेजित केल्याने लाभ दिसून आला.

संज्ञेचा प्रश्न राहतो. ‘पेशीताण’ सुटसुटीत खरा, परंतु त्यात उष्णतेचा व ऑक्सिडीकरणाचा ताणही येतो. पाठ्यपुस्तकांत ‘घडीताण’ योजणे अधिक युक्त. कानाला तो काही काळ खटकेल इतकेच.