पान वगळून आलेला पडदा

मीरा-भाईंदरमध्ये आज विशीत असलेली पिढी डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदीत बघत वाढली. त्यातली बरीच मुलं आता लोकलमध्ये मोबाइलवर ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, जपानी आवाजातच बघतात. पण ही पात्रं जन्मली कागदावर. फुजिको फुजिओंचा डोरेमॉन १९६९च्या अखेरीस मुलांच्या मासिकांतून आला आणि योशितो उसुईंचा शिनचॅन १९९०मध्ये एका साप्ताहिकातून. आपल्याकडे पडदा आला, पान फारसं आलंच नाही. त्यामुळे ॲनिमेविषयीची आपली समज अर्धवट राहिली आहे, असं मला ठामपणे वाटतं.

जपानमध्ये मांगा, म्हणजे कागदावरची चित्रकथा, ही गोष्टीची पहिली कसोटी असते. साप्ताहिकातल्या स्वस्त कागदावर दर आठवड्याला एक प्रकरण छापलं जातं, वाचक पसंतीची कार्डं पाठवतात, आणि न आवडलेली मालिका काही महिन्यांत बंद होते. तावूनसुलाखून निघालेल्या गोष्टीवरच सहसा ॲनिमेचा खर्च केला जातो. ओसामु तेझुकांनी १९६३मध्ये स्वतःच्याच मांगावरून ‘ॲस्ट्रो बॉय’ टीव्हीवर आणला, तेव्हापासून ही वाट रुळली.

मांगात वेळ वाचकाच्या ताब्यात असतो. एका मूक चौकटीवर तो हवं तितकं थांबतो, मारामारीची दहा पानं भराभर उलटतो. ॲनिमेत हा वेळ दिग्दर्शक ठरवतो. ‘नारुतो’ची मालिका मांगाच्या मागोमाग धावली, म्हणून मूळ कथेत नसलेले भाग तिच्यात भरावे लागले आणि तिची लय पार सैल पडली. याउलट ‘डेमन स्लेयर’मध्ये तलवारीच्या फटकाऱ्यासोबत जुन्या जपानी लाकूडठशांच्या शैलीतलं पाणी उसळतं. कृष्णधवल पानात दडलेली शक्यता तिथे रंगांनी खुली केली. रूपांतर असं धीट हवं.

मांगा आणि ॲनिमेच्या या नात्याचा एक धागा थेट मुंबईत पोचतो. इक्की काजिवारा आणि नोबोरु कावासाकी यांच्या ‘क्योजिन नो होशी’ या बेसबॉलच्या मांगावर १९६८मध्ये ॲनिमे झाला. त्याचाच भारतीय अवतार ‘सूरज: द रायझिंग स्टार’ डिसेंबर २०१२मध्ये कलर्स वाहिनीवर आला. बेसबॉलच्या जागी क्रिकेट, नायक मुंबईच्या झोपडपट्टीतला. मूळ कथेत बाप मुलाच्या अंगाला सरावासाठी स्प्रिंगांचा पट्टा बांधतो. इथे सायकलच्या ट्यूब आल्या. तपशील बदलण्यातली ही कल्पकता मला मनापासून आवडते. तरी मालिका रुजली नाही. १९६०च्या दशकातल्या जपानचा कष्टवाद तिच्यात तसाच राहिला, आणि मैदानात घाम गाळणाऱ्या इथल्या मुलांनी ती गोष्ट आधी कुठल्याच पानावर वाचलेली नव्हती.

पानाची ही उणीव असली, तरी मराठी चित्रकारांचा हात काही कमी नाही. ‘अमर चित्र कथा’ राम वाईरकर आणि प्रताप मुळीक यांच्या रेषांवर उभी राहिली. १९९१पासून ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी चित्रपट्टीतला ‘चिंटू’ घराघरात नेला. रोजच्या वाचकाच्या कसोटीला उतरलेलं मराठीतलं ते लखलखीत उदाहरण. पण २०१२मध्ये, ‘सूरज’ आला त्याच वर्षी, चिंटू मोठ्या पडद्यावर गेला तो खऱ्या मुलांना घेऊन. पंडितांची रेषा ज्या पडद्यावर हलायला हवी होती, तिथे ती नायक म्हणून पोचलीच नाही, आणि तिच्या जोडीला दर आठवड्याला नवे चित्रकार पारखणारं मराठी चित्रकथांचं साप्ताहिकही आजवर उभं राहिलेलं नाही.