जजसाहेबांना साहेब कोण?

निकालपत्रं आवडीने वाचणारा माणूस म्हटला की लोक जरा लांबूनच नमस्कार करतात. त्यात त्यांची चूक नाही. जुन्या निकालांतले पानंच्या पानं उतारे आणि उरलेल्या जागेत लेखकाने स्वतःच्या विद्वत्तेला घातलेली प्रदक्षिणा, असं बरंच काही निकाल म्हणून छापलं जातं. म्हणून एका बैठकीत संपणारा, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्या परिच्छेदाकडे वळावंसं वाटणारा निकाल हाती लागला, तर रसिकाने तो बाजूला काढून ठेवावा. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०१९ रोजी दिलेला 'गिलहम विरुद्ध मिनिस्ट्री ऑफ जस्टिस' हा निकाल मी असाच काढून ठेवला आहे.

लिहिला आहे त्या न्यायालयाच्या तेव्हाच्या अध्यक्ष लेडी हेल यांनी. त्याआधी तीनच आठवडे, २४ सप्टेंबरला, संसद स्थगित करण्याचा पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांचा सल्ला बेकायदा होता हे त्यांनी साऱ्या जगासमोर वाचून दाखवलं होतं. त्यांच्या पोशाखावरचा कोळ्याचा ब्रोच त्या दिवशी निकालाइतकाच गाजला. गिलहमच्या निकालाच्या नशिबी असला कोळी नव्हता. त्यातला प्रश्नही वरवर पाहता आस्थापना शाखेतल्या कारकुनाने विचारावा तसा: न्यायाधीश कुणाच्या नोकरीत असतो का? पण पंतप्रधानांना अडवण्यापेक्षा हा प्रश्न सोडवायला जास्त नाजूक हात लागतो, असं माझं मत आहे.

क्लेअर गिलहम या डिस्ट्रिक्ट जज. आपल्याकडचे जिल्हा न्यायाधीश म्हणजे अख्ख्या जिल्ह्याच्या न्यायसंस्थेचे प्रमुख. तिकडचे डिस्ट्रिक्ट जज पुष्कळ खालच्या पायरीवरचे. कर्जवसुली, घर खाली करून मागण्याचे दावे, नवराबायकोचे आणि मुलांच्या ताब्याचे वाद, असा रोजचा रगाडा त्यांच्याकडे. २०१० नंतर सरकारने कोर्टांच्या खर्चाला कात्री लावली. कोर्टरूम पुरेशा नाहीत, आहेत त्या सुरक्षित नाहीत, कामाचा बोजा बेसुमार वाढला आहे, कचेरीचा कारभार ढासळला आहे, अशा तक्रारी गिलहमबाईंनी वरिष्ठ न्यायाधीशांकडे आणि कोर्ट चालवणाऱ्या खात्याच्या अधिकाऱ्यांकडे केल्या. त्यांचं म्हणणं असं की, तक्रारींचा परिणाम म्हणून त्यांना त्रास देण्यात आला, एकटं पाडण्यात आलं, चौकशी रेंगाळली आणि शेवटी त्यांची प्रकृती ढासळली.

हा भाग लेडी हेल ज्या हाताने लिहितात, तो पाहण्यासारखा आहे. विशेषण जवळजवळ नाही. जे सिद्ध झालेलं नाही ते 'त्यांच्या म्हणण्यानुसार' या कुंपणाच्या आत नीट ठेवलेलं. पण त्या कुंपणातही एक तपशील त्या राहू देतात: कामाच्या बोजाची तक्रार केल्यावर गिलहमबाईंना, त्यांच्या म्हणण्यानुसार, असं ऐकवण्यात आलं की हा तुमच्या वैयक्तिक कामाच्या पद्धतीचा प्रश्न आहे. मनुष्यबळ विभागात चार वर्षं काढलेल्या कुणालाही हे वाक्य वाचून ओळखीची कळ येईल. गाऱ्हाणं व्यवस्थेचं असलं तरी ते माणसाच्या स्वभावाच्या खात्यावर मांडून फाइल बंद करायची, ही युक्ती जगभरच्या कचेऱ्यांत चालते. हा तपशील गाळला असता तरी कायद्याचं काहीच अडलं नसतं. हेलबाईंनी तो ठेवला आणि त्यावर टिप्पणी मात्र एका अक्षराची केली नाही.

आता हा निकाल सगळ्यात जास्त लक्ष देऊन कुणी वाचला असेल? माझ्या मते, लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसच्या इमारतीतून चालणाऱ्या ज्युडिशियल ऑफिसमधल्या एचआरच्या मंडळींनी. २००६ साली सुरू झालेलं हे कार्यालय न्यायाधीशांच्या नेमणुकीनंतरचं सगळं पाहतं: प्रशिक्षण, रजा, आजारपण, तक्रारी, निवृत्ती. एचआरच्या नेहमीच्या धंद्यात चार खांब असतात: मालक, साहेब, करार आणि नियमपुस्तिका. इथे पहिल्या तिघांचा पत्ता नाही. न्यायाधीशाची निवड करणार स्वतंत्र आयोग, नेमणूक राणीच्या (आता राजाच्या) नावाने, पगार सरकारकडून, कुठे बसायचं आणि कोणतं काम करायचं हे ठरवणार लॉर्ड चीफ जस्टिस (तिकडचे मुख्य न्यायमूर्ती), खुर्ची-टेबल-शिपाई पुरवणार तिसरंच खातं. आणि ज्यांना लीडरशिप जज म्हणतात त्या वरिष्ठांनाही 'हा खटला तुम्ही असा का निकालात काढला' एवढं एक विचारायची सोय नाही. त्यांचे एचआर अधिकारी तर स्वतः न्याय मंत्रालयाचे सनदी नोकर, पण काम करायचं न्यायमूर्तींसाठी. सरकारी पगार घेऊन सरकारपासून अंतर राखणाऱ्या माणसांची काळजी घ्यायची, ही नोकरी सोपी नव्हे.

कायद्यात या कसरतीचं मूळ आहे ते २००५ च्या कॉन्स्टिट्यूशनल रिफॉर्म अ‍ॅक्टच्या कलम ७ मध्ये. न्यायाधीशांचं कल्याण, प्रशिक्षण आणि मार्गदर्शन यांची व्यवस्था लॉर्ड चीफ जस्टिसनी ठेवायची, पण लॉर्ड चॅन्सलरनी, म्हणजे सरकारातल्या न्यायमंत्र्यांनी, जेवढी साधनं उपलब्ध करून दिली असतील तेवढ्यातच. म्हणजे काळजी एकाने करायची आणि तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. गिलहमबाईंची तक्रार नेमकी या दोघांमधल्या फटीत जन्माला आली होती.

निकालाकडे परत येतो. ब्रिटनच्या १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यात जागल्याला, म्हणजे लोकहितासाठी गैरकारभार उघड करणाऱ्याला संरक्षण आहे. पण ते 'वर्कर'ला. वर्कर म्हणजे पक्का कर्मचारीच असावा असं नाही, पण कुठला तरी करार हवा. गिलहमबाईंचं म्हणणं, माझा करार आहे. रोजगार न्यायाधिकरण नाही म्हणालं, अपील न्यायाधिकरण नाही म्हणालं, अपील न्यायालयही नाही म्हणालं.

वाचकाची अपेक्षा अशी असते की सर्वोच्च न्यायालय आता करार या कल्पनेला थोडं ताणेल आणि न्यायाधीशबाईंना त्यात बसवेल. सहानुभूती तर स्पष्ट दिसते आहे. इथेच लेखिकेचा संयम कळतो. पाद्री हा चर्चचा नोकर आहे का, यावरचे दोन जुने खटले त्या समोर घेतात. एकात उत्तर एक आलं होतं, दुसऱ्यात दुसरं. त्यातून तीन गोष्टी निवडतात: नेमणूक कशी झाली, सेवेचे नियम कुठून आले आणि एकूण संदर्भ काय. तिन्हींची उत्तरं गिलहमबाईंच्या विरुद्ध जातात. सेवाशर्ती कायद्याने आणि राज्यव्यवस्थेने ठरवलेल्या. बसून वाटाघाटी केल्याच नाहीत. पण खरा घाव पुढे आहे. करार म्हटला की दुसरा पक्ष लागतो. तो कोण? लॉर्ड चॅन्सलर? लॉर्ड चीफ जस्टिस? मंत्रालय? एकेकाचं नाव घेतलं जातं आणि एकेकजण गळतो. नवरी बोहल्यावर उभी आहे, मंगलाष्टकं चालू आहेत आणि अंतरपाटापलीकडे कुणीच नाही, असा काहीसा प्रकार. आणि हे असंच असायला हवं, असं त्या बजावतात. कारण पलीकडे कुणी एक उभा राहिला, तर शासन, संसद आणि न्यायसंस्था यांच्यातली भिंतच पडेल. न्यायाधीश हे राजसत्तेच्या नोकरीत आहेत का, हा दुसरा मुद्दा याच कारणाने झटपट निकालात निघतो. त्यावर रेंगाळण्यासारखं काही नाही, आणि त्याही रेंगाळत नाहीत.

निम्म्याहून जास्त निकाल असा हरण्यात जातो. मग सूर बदलतो. मानवी हक्कांच्या युरोपीय करारनाम्यातलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य हे कलम १० आणि भेदभावाला मनाई करणारं कलम १४ एकत्र वाचायची. वाक्यं आखूड होतात, परिच्छेद भरभर पुढे सरकतात. प्रश्न चार. विषय अभिव्यक्तीच्या कक्षेत येतो का? येतो. वेगळी वागणूक मिळाली का? मिळाली, तसंच गाऱ्हाणं मांडणाऱ्या दुसऱ्या कुणाला संरक्षण मिळालं असतं, न्यायाधीशाला नाही. ही वागणूक विशिष्ट दर्जामुळे का? न्यायाधीशाचं पद हाही एक दर्जाच. आणि चौथा प्रश्न, ज्यासाठी मी हा निकाल पुन्हा पुन्हा उघडतो: या वागणुकीचं समर्थन काय?

सरकारकडे काहीच नव्हतं. न्यायाधीशांना वगळावं असा विचार कायदा करताना कुणी केला होता, याचाच पुरावा नव्हता. ते विसरले गेले होते, एवढंच. तरीही न्यायालयीन स्वातंत्र्य हे जुनं हत्यार बाहेर आलंच. हेलबाई ते शांतपणे हातात घेतात आणि विचारतात की, सार्वजनिक हितासाठी बोलणाऱ्या न्यायाधीशाचं संरक्षण काढून घेतल्याने त्याचं स्वातंत्र्य वाढतं ते कसं? उत्तरासाठी त्या थांबत नाहीत. पहिल्या भागात ज्या स्वातंत्र्याने गिलहमबाईंना हरवलं, तेच स्वातंत्र्य इथे त्यांच्या बाजूने साक्षीला उभं राहिलेलं असतं. या वळणाची तयारी पहिल्या पानापासून चालू होती, हे दुसऱ्या वाचनात लक्षात येतं. करार ताणला असता तर हा क्षण हाती लागलाच नसता.

दोष काढायचाच तर शेवटी काढता येईल. उपाय म्हणून 'वर्कर'ची व्याख्या अशी वाचली जाते की तीत न्यायाधीशही मावावेत. पण ती व्याख्या उभी आहे करारावर, आणि करार नाही हे तर आत्ताच सांगून झालं. शिवण दिसते. शुद्धतेचा आग्रह असणाऱ्याने कायदा हक्कांशी विसंगत असल्याचं जाहीर करून चेंडू संसदेकडे टोलवला असता. मला मात्र ही उघडी शिवण लपवलेल्या शिवणीपेक्षा बरी वाटते. शिवाय हात आखडता घेतलेला आहे: सुट्ट्या, कामाचे तास यांबाबत न्यायाधीशांना काय मिळावं, हे कुणी विचारलं नव्हतं म्हणून न्यायालयानेही सांगितलं नाही.

मराठी वाचकाला इथे आणखी एका न्यायमूर्तींची आठवण व्हावी. १९९३ साली ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशांच्या सेवाशर्तींचा प्रश्न हाताळला. निकाल लिहिला होता न्या. पी. बी. सावंत यांनी. सरकारांचं रडगाणं असं होतं की न्यायाधीशांना जास्त दिलं तर बाकीचे नोकरही मागतील. त्यावर न्यायालयाने ठणकावलं की न्यायाधीश नोकर नव्हेतच. मंत्री आणि आमदार-खासदारांसारखे ते सार्वभौम सत्तेचे धारक, त्यांची तुलना सनदी अधिकाऱ्यांशी करूच नका. म्हणजे 'नोकर नाहीत' हे विधान आपल्याकडे 'म्हणून चांगलं द्या' या अर्थाने आलं, आणि वॉरिंग्टनच्या काउंटी कोर्टात काम करणाऱ्या गिलहमबाईंना तेच विधान तीन न्यायालयांत 'म्हणून काही मिळणार नाही' या अर्थाने ऐकावं लागलं. हेलबाईंनी विधान मान्य केलं, निष्कर्ष तेवढा उलटा फिरवला. अर्थात आपल्याकडे अंतरपाटापलीकडची जागा इतकी रिकामी नाही. राज्यघटनेच्या कलम २३५ ने जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांचं नियंत्रण, बढत्या-बदल्या-रजांसकट, उच्च न्यायालयाकडे दिलं आहे. गोपनीय अहवालात वरिष्ठ काय लिहितील याची धास्ती आपल्या तालुक्याच्या कोर्टातल्या न्यायाधीशालाही असतेच, आणि तो अहवाल लिहिणारे न्यायाधीशच असतात.

लंडनच्या त्या एचआर टेबलावर मात्र १६ ऑक्टोबरनंतर काम बदललं. कोर्टरूमला मागचा दरवाजा नाही, पक्षकार अंगावर धावून येतो, यादी दिवसात संपण्यासारखी नाही, असं एखाद्या न्यायाधीशाने लिहून कळवलं, तर ते पत्र कल्याणाच्या फाइलीत टाकून समुपदेशनाचा नंबर देण्याआधी आता विचारावं लागतं की, हे जागल्याचं निवेदन तर नाही? तसं असेल तर पत्र लिहिणाऱ्याला त्याबद्दल सोसावं लागता कामा नये, आणि हे पाहायचं आहे ते वरिष्ठ न्यायाधीशांच्या वागण्यातसुद्धा, ज्यांना हा एचआर अधिकारी एरवी उठून उभा राहतो.

आणि गिलहमबाईंचं काय? सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं प्रकरण पुन्हा पहिल्या पायरीवर, रोजगार न्यायाधिकरणाकडे पाठवलं. चार ठिकाणी वाद झाला तो त्या कोण आहेत यावर. त्यांनी उघड केलेल्या गोष्टींमुळे त्यांच्याशी नेमकं कोण कसं वागलं, याची सुनावणी त्या दिवशीही सुरू व्हायचीच होती.