पांडुरंगाचें वय

श्री. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर हा बेजबाबदार तरुण, असा शेरा प्रौढ वाचकांकडून आजही ऐकूं येतो. हा शेरा खोटा नाहीं. पण अपुरा आहे, असें आम्हांस वाटतें.

पांडुरंग खेड्यांतून पुण्यास शिकावयास येतो. वसतिगृहाचा प्रीफेक्ट, वादविवादमंडळाचा चिटणीस, संमेलनांतील नाटकाचा दिग्दर्शक अशीं पदें त्याच्याकडे चालत येतात. या पदांत मिरविणें पुष्कळ, निर्णयाचा खरा भार थोडा. खर्च होतो तो वडिलांच्या पैशांतून. ज्यास कमाईचा अनुभव नाहीं त्यानें काटकसर मात्र उपजतच जाणावी, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे? परीक्षेंत अपयश येतांच कालचा कौतुकाचा विषय दोषाचा धनी होतो. समाज तरुणाला प्रौढ मानतो तो दोष देण्यापुरता. विश्वास टाकण्याची वेळ आली कीं तो पुन्हा ‘पोर’ ठरतो.

धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानें जाते, तो भाग आम्ही कादंबरीचा कळस मानतों. तोंवर पांडुरंगानें जें जग थट्टेवारी नेलें, तें येथें थट्टेला जुमानीत नाहीं. त्याचा आक्रोश हेंच त्याच्या प्रौढत्वाचें पहिलें लक्षण होय. कारण भरून न येणारी हानि म्हणजे काय, हें त्यास येथें कळतें.

पांडुरंग आपली कथा सांगतो तेव्हां त्याचें वय २५ आहे. आमच्या राज्यघटनेनें लोकसभेच्या उमेदवारास हेंच किमान वय घातलें आहे. १८७५ च्या कायद्यानें मनुष्य १८ व्या वर्षीं सज्ञान होतो. मताधिकार मात्र कादंबरी निघाली तेव्हां २१ व्या वर्षीं मिळे, तो १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनें १८ वर आला. कायद्यानें वय ठरतें. घरांत व महाविद्यालयांत तें मान्य होण्यास किती काळ लागतो, हें ‘कोसला’च दाखविते.

एक न्यून मात्र सांगितलें पाहिजे. इतरांचें ढोंग पांडुरंगास अचूक दिसतें. पण आपणाहून दुबळ्या जिवाची जबाबदारी अंगावर घेण्याचा प्रसंग लेखकानें त्याच्यावर फारसा आणिला नाहीं. तो आणिला असता, तर समाजावरील आरोपपत्रास नायकाच्या स्वतःच्या साक्षीचें वजन आलें असतें. तरीही तरुणांस उपदेश करण्यापूर्वीं आम्हां शिक्षकांनीं व पालकांनीं ही कादंबरी एकदां वाचावी. कारण तिच्यांतील प्रश्न पांडुरंगाइतकाच आम्हांसही विचारलेला आहे.